मागच्या आसाचा हिशेब

व्यापारी घराण्यांत जुनी वस्तू सहसा टाकून दिली जात नाही. वखारीतील पितळी वजने, पेढीवरचा लाकडी गल्ला, आजोबांच्या हातची रोजकीर्द हे सारे जसे जपले जाते, तशीच पुष्कळ घरांच्या आवारात एखादी फियाट, ॲम्बॅसडर किंवा जीप उभी असते. ती कोणे काळी बाजाराला गेलेली असते, नवरी घेऊन आलेली असते, रात्री-अपरात्री गावातील रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवून आलेली असते. पुढे नवी गाडी येते आणि जुनी मागच्या दाराशी जाते. मग एके दिवशी घरातील तरुण ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनावर घेतो. इंजिन सुरू होते, गिअर पडतात. पण गाडी चालू लागली की मागून एक लांबट, घुमणारा आवाज येऊ लागतो. येथून या लेखाचा विषय सुरू होतो.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरी हे गाव आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापीचे खोरे आणि मध्ये कापूस, ऊस, केळी, पपई पिकवणारी काळी जमीन. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे या भागातील जुन्या गाड्यांवर अजूनही धुळ्याचा एमएच १८ हा क्रमांक दिसतो, तर नव्या गाड्यांवर एमएच ३९. अशा गावात जुन्या मोटारीचा सुटा भाग हाताशी मिळत नाही. शहादा, नंदुरबार किंवा सीमेपलीकडचे खेतिया येथे ट्रॅक्टर आणि मालमोटारीचे कारागीर भेटतात; परंतु पन्नास वर्षांपूर्वीच्या फियाटचा मागचा आस उघडलेले हात आता विरळ झाले आहेत. म्हणून काम घरच्या अंगणातच करायचे, तर ते आधी नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

सोलापूरच्या पेढीपासून कुर्ल्याच्या कारखान्यापर्यंत

या गाड्यांशी जैन व्यापारी समाजाचा जवळचा संबंध आहे. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घराण्याचा पिढीजात धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंदांनी त्याऐवजी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली, १९१९ मध्ये सिंदिया कंपनीच्या जहाजवाहतुकीला आरंभ केला, १९४० मध्ये बंगळूरला विमानाच्या कारखान्याचा पाया घातला. मोटार भारतातच तयार झाली पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. प्रथम अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने, नंतर इटलीच्या फियाटच्या. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद निवर्तले. कारखाना मात्र चालत राहिला. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. परवान्यांच्या त्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर ती घरी येई.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने या गाडीने अफाट धाव घेतली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून नाहीशी झाली. खासगी घरांतील पद्मिनी मात्र आहेत आणि त्यांचे भाग शोधणारे लोकही आहेत.

डिफरेन्शियल काय करते

मोटार वळण घेते तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. दोन चाकांमध्ये १.२ मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण गोल फेरीत बाहेरचे चाक सुमारे साडेसात मीटर जास्त धावते; फेरी लहान असो वा मोठी, हा फरक तेवढाच राहतो. बैलगाडीत ही अडचण येत नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर स्वतंत्र फिरतात. मोटारीत इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना द्यायची असते आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे असते. ही युक्ती फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्यूर या घड्याळजी-यंत्रज्ञाने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी योजली. आजच्या मोटारींतील व्यवस्था तत्त्वतः तीच आहे.

गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट एका लहान दातेरी चाकाला फिरवतो, ते पिनियन. पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवते, आणि क्राऊनला जोडलेल्या डब्यात चार लहान दातेरी चाकांचा संच असतो. गाडी सरळ चालते तेव्हा ती चार चाके आपसांत स्थिर असतात. वळणावर ती फिरू लागतात आणि एका चाकाची गती जितकी घटते तितकीच दुसऱ्याची वाढते. दोन भागीदारांच्या पेढीसारखा हा व्यवहार आहे: गतीची बेरीज कायम राहते, वाटणी बदलते. ओढण्याचा जोर मात्र दोघांना जवळजवळ समान मिळतो. म्हणूनच पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात एक चाक निसटले की ते नुसते गरगरते आणि कोरड्यावरचे दुसरे चाकही हतबल होते. घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर लागतो, तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो.

आवाजाची परीक्षा

मागून आवाज आला की डिफरेन्शियल गेले, असा निष्कर्ष घाईचा होय. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर एका बाजूला चपटे होतात आणि तेही घुमतात. चाकाचे बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, पद्मिनीतील दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये आधार देणारे सेंटर बेअरिंग यांचे आवाजही फसवतात. परीक्षेचा क्रम असा ठेवावा. ॲक्सिलरेटर दाबताना आवाज येतो आणि सोडताच बदलतो, तर संशय क्राऊन-पिनियनवर घ्यावा. केवळ वळणावर खडखड होत असेल तर आतल्या चार लहान चाकांवर. वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घरघर बहुधा बेअरिंगची असते. गिअर टाकताच ‘टक्’ असा ठोका आला तर आधी क्रॉस तपासावेत, कारण ते काम स्वस्त आणि सोपे आहे.

यानंतर तेल काढून पाहावे. निचऱ्याच्या बुचाला राखाडी लेप चिकटलेला असणे स्वाभाविक आहे. इतक्या वर्षांची ती झीज आहे. परंतु बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर पुढे शंकेला जागा उरत नाही. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. आसावर एक छोटी श्वासनळी असते. ती मातीने बंद झाली की गरम झालेल्या हवेचा दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो आणि ते ब्रेकच्या पट्ट्यांवर जाते. कित्येकदा सगळ्या गळतीचे मूळ एवढ्याशा नळीत असते.

जोडी फोडू नये

खरेदीच्या वेळी व्यापाऱ्याची सावधगिरी येथे उपयोगी पडते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात. म्हणून एकाचे क्राऊन आणि दुसऱ्याचे पिनियन आणून बसवू नये. दात चांगले दिसले तरी ती जोडी गोंगाट करील आणि लवकर झिजेल. दातांची संख्याही विचारपूर्वक ठरलेली असते. समजा पिनियनला १० आणि क्राऊनला ४३ दात आहेत. या दोन संख्यांना एकाखेरीज समान विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो आणि झीज सर्वांवर सारखी वाटली जाते.

४३ ला १० ने भागले की ४.३ हे प्रमाण मिळते, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.३ फेऱ्या. वेगवेगळ्या काळातील गाड्यांत हे प्रमाण वेगळे असू शकते, आणि विकणाऱ्याचा शब्द येथे पुरेसा नाही. घरच्या गाडीचे प्रमाण काढण्याची रीत सोपी आहे. मागचे एक चाक जमिनीवर घट्ट ठेवून दुसरे उचलावे, गिअर न्यूट्रल करावा आणि उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवावे. तेवढ्यात शाफ्ट जितक्या फेऱ्या फिरेल, तेच प्रमाण. दोन फेऱ्या का, तर एक चाक स्थिर असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राऊनची एकच फेरी होते. विकत घ्यायच्या भागाचे दात मोजून हा आकडा जुळवावा. प्रमाण चुकले तर चढणीवर गाडी दमते किंवा सपाटीवर इंजिन विनाकारण ओरडते, आणि वेगदर्शक काटाही खोटा आकडा दाखवू लागतो.

ॲम्बॅसडर आणि पद्मिनी यांत हा सगळा संच एका बिडाच्या आधारात बसवलेला असतो आणि आसाच्या पेटीतून पुढच्या बाजूने अख्खा बाहेर येतो. घरी काम करणाऱ्याने हीच सोय वापरावी आणि जुळवलेला संपूर्ण संच बदलावा. नव्या क्राऊन-पिनियनची जुळणी घरच्या अंगणात करू नये. पिनियनची खोली पातळ चकत्यांनी ठरवावी लागते, बेअरिंगवरचा ताण मोजावा लागतो, दातांमधील मोकळीक मिलिमीटरच्या दशांशात धरावी लागते आणि शेवटी दातांना शेंदूर लावून स्पर्शाचा ठसा कुठे उमटतो ते पाहावे लागते. हे जाणत्या कारागिराने टेबलावर करायचे काम आहे. संच त्याच्याकडे न्यावा आणि जुळवून आणावा. जीपमध्ये तर आधार आणि आस वेगळे होत नाहीत, मागचे झाकण उघडून सगळे जागेवरच जुळवावे लागते. तेथे कारागिरालाच घरी बोलवावे. शेंदुरात शिसे असते, म्हणून तो मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

जुना संच घेताना पावती मागावी. डिफरेन्शियलचा क्रमांक नोंदणी पुस्तकात नसतो, म्हणूनच चोरीच्या गाडीचे भाग याच वाटेने बाजारात येतात. ज्या घराने आयुष्यभर स्वतः पावती दिली, त्याने विनापावती माल घेऊ नये.

अंगणातले काम

या कामात खरा धोका गाडीखाली असतो. जॅकवर उचललेली गाडी आणि तिच्या खाली माणूस, ही स्थिती क्षणभरही येऊ देऊ नये. जॅकचे सील केव्हाही बसू शकते. शिवाय तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वजनाखाली जॅकचा पाया हळूहळू रुततो. सिमेंटचा पक्का ओटा असेल तर उत्तम. नसेल तर कोरड्या ऋतूत कडक, सपाट जागा निवडून जॅक आणि घोडी यांच्याखाली जाड लाकडी फळ्या घालाव्यात. विटा रचून त्यांवर गाडी ठेवण्याची चाल फार ठिकाणी दिसते. वीट सूचना न देता फुटते. ती चाल सोडावी.

मागचे ड्रम काढण्यासाठी हँडब्रेक सोडावा लागतो आणि शाफ्ट सुटल्यावर गिअरही गाडीला धरून ठेवू शकत नाही. म्हणजे गाडी केवळ पुढच्या चाकांना लावलेल्या अडसरांवर उभी असते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम लाकडी ठोकळे लावावेत. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. गाडी उचलून घोडींवर ठेवल्यावर तिला हाताने जोरात हलवून पाहावे. हलायची असेल तर ती कोणी खाली नसतानाच हलू द्यावी. काम चालू असेपर्यंत दुसरे मोठे माणूस जवळ असावे, आणि मुलांनी अंगणात खेळू नये.

मग तेल परातीत काढावे. शाफ्ट आणि पिनियन यांच्या जोडावर रंगाची खूण करावी, म्हणजे तो पूर्वीच्याच जागी बसेल. ड्रम काढताना आतली धूळ फुंकू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती ओल्या फडक्याने टिपून फडके पिशवीत बांधून टाकावे. दोन्ही बाजूंचे ॲक्सल शाफ्ट पुरेसे बाहेर ओढल्याखेरीज मधला संच निघत नाही. बेअरिंग घट्ट बसलेले असेल तर सरकत्या हातोड्याचा ओढक लागतो. छिन्नी ठोकून काठ फोडू नयेत.

संच सुटण्याच्या क्षणी त्याचे सारे वजन एकदम हातावर येते. एकट्याने तो छातीवर झेलण्याचे धाडस करू नये. खाली छोटा जॅक आणि त्यावर लाकूड ठेवून तो उतरवावा. मोकळी झालेली पेटी आतून रॉकेलने पुसून स्वच्छ करावी, कारण जुन्या दातांचे कण मागे राहिले तर ते नवे बेअरिंग खाऊन टाकतात. नवे गॅसकेट, नवे सील आणि मोकळी केलेली श्वासनळी यांचा खर्च अल्प असतो, आणि तो वाचवणाऱ्याला सगळे काम पुन्हा करावे लागते. नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत.

आता तेल. या गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेले असते, त्यामुळे शाफ्ट खाली राहतो आणि गाडीचा तळ उतरता ठेवता येतो. पण या रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. इंजिनचे साधे तेल त्या दाबाखाली पिळून निघते आणि धातूवर धातू येतो. गंधक आणि स्फुरद यांची संयुगे असलेले गिअर ऑइलच येथे चालते. ते दातांवर एक पातळ संरक्षक थर निर्माण करते. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलाच प्रकार घ्यावा आणि गाडी सपाट असताना भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत भरावा. नव्या संचात तेल घालायचे विसरून गाडी हलवली, तर सगळा खर्च काही मैलांत बुडतो; म्हणून तेल भरेपर्यंत गाडीची किल्ली घरात ठेवावी.

ब्रेकची नळी उघडली असेल तर हवा काढून, पेडल कडक लागते याची खात्री करूनच गाडी फाटकाबाहेर न्यावी. पहिली फेरी गावाच्या आसपास, रिकाम्या गाडीने आणि संथ गतीने घ्यावी. परत येऊन आसाला हात लावून पाहावा. तो कोमट असणे ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळले गेले आहे आणि गाडी थांबवली पाहिजे. सुमारे पाचशे किलोमीटरनंतर ते तेल बदलावे.

काढलेल्या तेलाचे काय करावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. बांधावर, गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतलेले तेल मातीतील असंख्य सूक्ष्म जीवांचा घात करते आणि पावसाबरोबर विहिरीकडे जाते. ज्या घरात पाणी गाळून प्यायले जाते, त्या घराने हे तेल डब्यात बंद करून, वापरलेले तेल रीतसर घेणाऱ्याकडेच सोपवले पाहिजे.

ठेवावी की सोडावी

शेवटी प्रश्न राहतो तो हिशेबाचा. १ एप्रिल २०२२ रोजी पंधरा वर्षांहून जुन्या खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले होते. त्याशिवाय योग्यता तपासणी आणि विमा आलाच. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. परंतु अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही; प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन अशा ठराविक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्याला आठवड्याच्या बाजारासाठी गाडी हवी आहे, त्याने या वाटेने जाऊ नये.

पत्रा कुजला असेल, चेसिसला गंज धरला असेल, तर डिफरेन्शियल बदलून काही साधत नाही. अशा गाडीतील चांगला संच दुसऱ्या घरच्या गाडीला द्यावा. तोही तिचा सन्मानच आहे. पण सांगाडा भक्कम असेल, कागद पूर्ण असतील आणि घरात ते काम शिकू इच्छिणारे कोणी असेल, तर या कामाचे मोल भागाच्या किमतीत मोजता येत नाही. वडिलांनी गाडी कधी घेतली, तेल केव्हा बदलले, कोणत्या वर्षी मागचा आवाज प्रथम आला, हे मुलाला त्यांच्याकडूनच विचारावे लागते, आणि एरवी दुकानाच्या गडबडीत न होणारे बोलणे आसाशेजारी बसून होते.

काम पूर्ण झाल्यावर एक वही करावी. संच कोठून आणला, दात किती, प्रमाण किती, तेल कोणते, तारीख कोणती आणि गाडी तेव्हा किती किलोमीटर चालली होती, हे सर्व तिच्यात लिहावे आणि पावती तेथेच डकवावी. पेढीची वही जशी पुढच्या पिढीसाठी लिहिली जाते, तशीच ही. पुन्हा कधी मागून आवाज आला, तर जो कोणी गाडीखाली जाईल त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही.